लहान शहरात स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांचा छोटा महोत्सव भरवायचा आहे, चित्रपट कोणते घ्यावेत आणि लोक येतील का. सोलापुरात आम्ही पाच मैत्रिणी गेली तीन वर्षं असा दोन दिवसांचा महोत्सव करतो. त्यावरून सांगते: चित्रपटांची यादी सगळ्यात शेवटी करा. समोर कोण बसणार, हे आधी ठरवा.

पहिल्या वर्षी आम्ही नेमकं उलटं केलं. महिनाभर यादीवर वाद घातले, एसी हॉल घेतला, पत्रिका छापल्या, रविवारी संध्याकाळी सहाची वेळ ठेवली. दोनशे खुर्च्यांवर सव्वीस माणसं आली. त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक. या शहरात हजारो बायका घरात बसून बिड्या वळतात. संध्याकाळी सहाला त्यांच्या चुलीवर भात असतो, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला तर घर सोडताच येत नाही. आम्ही ज्यांच्यासाठी म्हणत होतो त्यांना यायला आम्हीच जागा ठेवली नव्हती. मला ते फार लागलं.

दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या समाजमंदिरात गेलो. दुपारी एक ते चार, कारण सकाळी कारखान्यात बिड्या देऊन, पानं-तंबाखू घेऊन तोवर त्या परतलेल्या असतात. पाण्याचा दिवस टाळला. खुर्च्यांऐवजी सतरंज्या, खिडक्यांना चादरी, लेकरांना मज्जाव नाही. घरोघरी सांगायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "सूप घेऊन आलं तर चालतंय का?" बिड्या वळायच्या त्या मांडीवर सूप घेऊन, आणि मजुरी हजार बिड्यांवर मिळते. तीन तास हात थांबले की तेवढे पैसे गेले. आम्ही हो म्हटलं, आणि सत्तरेक जणी आल्या, त्यातल्या बऱ्याच जणी मांडीवर सूप घेऊन.

आता चित्रपट. आमची सुरुवात 'युगांतर' या गटाच्या लघुपटांनी झाली. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हा गट उभा केला आणि चळवळीतल्या बायकांबरोबर बसून चार लघुपट केले. त्यातला 'मोलकरीण' (१९८१) पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेचा आहे. दुसरा निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या बायकांचा, 'तंबाखू चाकिला ऊब आली' (१९८२). तिसरा 'इदी कथा मात्रमेना' (१९८३) तेलुगूत आहे, घरातल्या मारहाणीवरचा, हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर केलेला. आमच्याकडच्या कितीतरी बिडी कामगार बायकांची घरची भाषा तेलुगू, त्यामुळे हा लघुपट जणू आमच्यासाठीच ठेवला होता. प्रत्येक लघुपट अर्ध्या तासाच्या आसपासचा. बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेने जुन्या प्रिंट दुरुस्त करून घेतल्या, म्हणून आज ते नीट बघता येतात.

निपाणीचा लघुपट लागला तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. तोवर हॉलमध्ये हात चालू होते. पानात तंबाखू, वळण, दोऱ्याचा वेढा, बिडी सुपात. नजर पडद्यावर आणि बोटं आपापली चालताहेत, त्याची एक बारीक सरसर हॉलभर होती. पडद्यावर तंबाखूची धूळ आणि त्या धुळीत बसलेल्या बायका दिसल्या, आणि ती सरसर हळूहळू थांबली. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एका अक्कांनी विचारलं, "फोटो घेणारा कुठं बसला होता? उभा नव्हता ना?"

इतका चांगला प्रश्न मी मोठ्या महोत्सवांतसुद्धा ऐकलेला नाही. त्याचं उत्तर मला पस्तापूरच्या बायकांकडून मिळालं होतं, ते मी तिथं सांगितलं. पस्तापूर आमच्याच हैदराबाद रोडवरच्या जहीराबादजवळ आहे. तिथल्या दलित शेतकरी बायका डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या कामातून कॅमेरा शिकल्या आणि आपल्या बियाण्यांवर, शेतीवर स्वतः फिल्म करायला लागल्या. अक्षरओळख नसलेल्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', जमीनदार मजुराकडे बघतो तसा. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा लागेल असा, समोर बसून घेतलेला, तो 'संघम शॉट', कारण संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटाच्या, बैठकीत सगळ्या एका पातळीवर बसतात. हे सांगितल्यावर पुढचा तासभर आम्हाला काही बोलावंच लागलं नाही. कुठला शॉट पटेलचा होता यावर त्यांचंच चाललं होतं. म्हणून सांगते, चर्चेला पाहुणे वक्ते बोलावू नका. निदान पहिल्या दिवशी तरी नको.

"बायकांचा वेगळा महोत्सव कशाला, चित्रपट तो चित्रपट" हे तुम्हालाही ऐकावं लागेल. मी अशांना सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल सांगते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) घडत असताना फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांनी केली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दिग्दर्शक म्हणून भारतातलं पहिलं बाईचं नाव फातमा बेगम यांचं, 'बुलबुल-ए-परिस्तान', १९२६. संकलक-दिग्दर्शक अरुणा राजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून बाहेर पडल्या त्या १९६९ साली. या तीन नावांमधली वर्षं मोजली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

मराठीतून घ्यायचं तर सुमित्रा भावे यांच्याशिवाय सुरुवात करू नका. त्या मुळात समाजकार्य शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या. वस्तीतल्या बायकांबद्दल लिहिलेला अहवाल त्या बायकांनाच वाचता येणार नाही, मग तो त्यांच्यापर्यंत पोचायचा कसा, या अडचणीतून त्यांनी 'बाई' (१९८५) हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी' (१९९५) आला आणि 'कासव'ला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. आमच्याकडे 'दोघी' लावला होता. मोठ्या मुलीवर घर जगतं आणि त्याच मुलीला घर तोंड दाखवू देत नाही, हे बघताना पुढच्या रांगेतल्या आज्जी मोठ्यानं तिची बाजू घेत होत्या. हिंदीतला सई परांजप्यांचा 'दिशा' (१९९०) पण घ्या, गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांचा. आमच्याकडच्या बंद गिरण्यांमुळे तो इथं वेगळाच पोचला.

मुलींसाठी रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' (२०१७). आसाममधल्या छयगाव या आपल्या गावात त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः शूट केला, स्वतः कापला, गावातल्याच मुलांना घेऊन. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दाखवण्याआधी एवढं सांगितलं की मुली सरसावून बसतात.

भाषेची सोय मात्र नीट करा. सबटायटल वाचता येणाऱ्या थोड्याच असतात. आमच्याकडे कॉलेजातली एक मुलगी माइक घेऊन पडद्याशेजारी उभी राहिली आणि संवादांमधल्या जागेत दोन-दोन वाक्यांत तेलुगूत सांगत गेली. तिनं आदल्या दिवशी प्रत्येक लघुपट तीनदा पाहिला होता.

परवानगीचं टाळू नका. ओटीटीचं सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं, त्यावरून हॉलमध्ये दाखवता येत नाही. दिग्दर्शकांना किंवा निर्मात्यांना सरळ पत्र लिहा: कुठं, कुणासाठी, तिकीट आहे की नाही, देऊ शकू एवढे पैसे किती. माहितीपट करणाऱ्यांनी आम्हाला बहुतेक वेळा दोन दिवसांत उत्तर दिलं आणि मानधन परवडेल एवढंच घेतलं. सेन्सॉर प्रमाणपत्र असलेले चित्रपट निवडलेत तर बरीच धावपळ वाचते. गेल्या वर्षीचा आमचा सगळा खर्च एकवीस हजार झाला. प्रोजेक्टर, स्पीकर, मानधन, चहा. स्पीकरवर पैसे वाचवू नका. पंख्यांच्या आवाजात संवाद ऐकू आले नाहीत तर माणसं उठून जातात आणि परत येत नाहीत.

आणि शेवटचा तास गावातल्या मुलींसाठी मोकळा ठेवा. यंदा आम्ही मोबाईलवर केलेल्या फिल्म मागवल्या. नऊ आल्या. त्यातली एक चार मिनिटांची, अकरावीतल्या मुलीनं आईवर केलेली. मोबाईल तिनं तंबाखूच्या डब्याला टेकवून जमिनीवर ठेवला होता, त्यामुळे चारही मिनिटं आपण आईच्या समोर, सुपापलीकडे बसलेले असतो. आईचा चेहरा एकदाच दिसतो, दोरा दातानं तोडताना. बाकी नुसते हात.

ती आई दोन वर्षं न चुकता सूप घेऊन येते. त्या दिवशी ते घरी ठेवून आली होती.