ग्रंथपालाने अभिलेखागार आणि संग्रहालयाचं काम कुठे शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही राजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहात, बी.लिब. झालेलं आहे. गावातल्या एका जुन्या घराने वाचनालयाला मोडी कागदांची तीन गाठोडी, शंभरेक फोटो आणि पितळेची भांडी दिली. कार्यकारिणी म्हणते, आता तूच सांभाळ. त्यासाठी संग्रहालयशास्त्राचा वेगळा डिप्लोमा करावा का, हे तुम्ही विचारताय, आणि मुंबईला जाऊन राहणं परवडणारं नाही म्हणताय.

डिप्लोमा यंदा राहू दे. आणि कृपा करून ती गाठोडी एवढ्यात उघडू नका.

मी उघडली होती. कोकणातल्याच एका 'ब' वर्गाच्या वाचनालयात मी सगळी नोकरी केली. आमच्याकडेही एका घराचं दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा, आलं, लाल रुमालात बांधलेलं. मी हौसेनं मांडी घालून बसले. जमिनीचे कागद एकीकडे, घरगुती पत्रं दुसरीकडे, देवस्थानाचे हिशेब तिसरीकडे. विषयवार लावणं आपल्या हाडात भिनलेलं असतं ना! वर प्रत्येक कागदावर वाचनालयाचा शिक्का. पुस्तकात गुप्त पानावर (वाचनालयानं ठरवून ठेवलेल्या आतल्या एका पानावर) मारतो, इथे गुप्त पान कुठलं, म्हणून सरळ दर्शनी भागावरच. पुढे पुराभिलेखागारातून, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या सरकारी कचेरीतून, निवृत्त झालेले एक गृहस्थ सहज आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, हे आले तेव्हा कशात काय गुंडाळलेलं होतं?" मला सांगता येईना. हिशेबाच्या पोटात एखादं पत्र असलं तर ते त्या हिशेबाच्या भांडणाचं असतं. मी दोघांची ताटातूट करून दोन फायलींत घातली होती, आणि आता कुठलं पत्र कुठल्या हिशेबातलं हे कोणीच सांगू शकणार नव्हतं.

पुस्तकाच्या बाबतीत गुण असलेली सवय कागदपत्रांच्या बाबतीत अशी नडते. दप्तर ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं ठेवायचं, दोन घरांची दप्तरं एकमेकांत मिसळायची नाहीत, हा अभिलेखागारातला पहिला धडा. संग्रहालयवाल्यांचा धडा तिसराच. आमच्या समया आल्या तेव्हा साफसफाईच्या मावशींनी प्रेमानं चिंच आणि राख लावून काथ्यानं लखलखीत केल्या. देणाऱ्यांच्या घरचे लोकही खूश झाले. नंतर संग्रहालयात काम करणाऱ्या एका मुलीनं सांगितलं की वरची काजळी, तेलाचा थर, झिजलेल्या कडा हीच त्या वस्तूची वापराची नोंद होती. तिनंच वस्तूवर चिकटपट्टी न लावता क्रमांकाची सुती चिठ्ठी बांधायला शिकवलं. वीस मिनिटांचं काम, पण तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या ग्रंथालय प्रशिक्षणाच्या वर्गातही नाही.

म्हणून माझं मत असं की आधी शेजारच्या धंद्यातल्या माणसांकडे जावं. कोकणात ती वाटतात तेवढी लांब नाहीत. रत्नागिरीत 1828 सालचं जिल्हा नगर वाचनालय आहे आणि त्याच गावात थिबा राजवाड्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, चित्रांवर किती उजेड पडू द्यावा ते तिथल्या लोकांना विचारा (कागदावरच्या चित्रांना साधारण 50 लक्स, लक्स हे उजेड मोजायचं माप, म्हणजे आपल्या वाचनकक्षातल्या ट्यूबलाइटपेक्षा बरंच कमी). चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं, आणि तिथे वाचनालयाच्या जोडीला वस्तुसंग्रहालय आणि कलादालनही आहे. 2005 आणि 2021 या दोन्ही पुरांत ते सापडलं. भिजलेल्या पुस्तकाचं काय होतं हे तिथे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांशी तासभर बोलायला मिळालं तर ते एका सत्राच्या तोडीचं आहे.

जाताना बघायला म्हणून जाऊ नका. "दोन दिवस काम द्या" म्हणा. आणि रिकाम्या हातानं तर जाऊच नका, कारण आपल्याकडे त्यांना हवं असलेलं पुष्कळ आहे. दाखल नोंदवही शिस्तीत ठेवणं, तालिका म्हणजे शोधायला सोपी यादी करणं, आलेल्या माणसाला त्याला हवं ते पाच मिनिटांत काढून देणं. देवघेवीची खिडकी सांभाळलेल्या माणसाला वाचक कळतो. कुलूपबंद कपाटं सांभाळणाऱ्यांना तो कधीकधी भेटलेलाच नसतो.

मग कोर्स. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे काही आठवड्यांचे छोटे वर्ग असतात, कागदांची निगा, अभिलेख व्यवस्थापन वगैरे. रजा आणि प्रवासखर्चासाठी कार्यकारिणीकडे आत्तापासून भांडा. मोडीचे वर्ग राज्याचं पुराभिलेख खातं आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ घेत आलं आहे. मोडी मात्र शिकाच, वाचता येत नाही त्या कागदाची नोंद काय करणार? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि जतन या विषयाचा पदविका अभ्यासक्रम आहे, तो पुढे कधीतरी. रोममधल्या इक्रोम या संस्थेनं छोट्या संग्रहालयांची भांडारं नीट लावण्यासाठी 'री-ऑर्ग' नावाची पद्धत केली आहे, तिचं साहित्य फुकट मिळतं. इंग्रजी आहे, चित्रं भरपूर आहेत, रेटत वाचा. यातलं मराठीत काही नाही म्हणून मी वर्षानुवर्षं चिडत आले आहे, पण ते जाऊ दे.

आपल्याकडची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैत खोलीतही 80 च्या वरच असते. हजाराच्या आत आर्द्रतामापक मिळतो. तो घ्या आणि रोज दोनदा आकडा वहीत लिहा. एका पावसाळ्याची ती वही तुम्हाला कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवेल, शिवाय अनुदान मागताना पुढे ठेवता येते. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं घरी करतो तशीच इथे करा: कौलं शाकारून घ्या, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. आपल्या आज्या पोथी सुती बासनात गुंडाळून वेखंड घालायच्या, ते बरंच शहाणपणाचं होतं. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नाही.

आणि पाणी शिरलंच तर? ओला कागद दोन दिवसांत बुरसतो. सगळं एकदम वाळवता येत नसेल तर गोठवून ठेवायचं, मग सवडीनं थोडं थोडं वाळवायचं, ही जगभर चालणारी रीत आहे. बाकीच्यांना एवढं मोठं शीतगृह शोधत फिरावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर मासळी गोठवणारे कारखाने आहेत! जवळच्या एखाद्या मालकाशी पाऊस लागायच्या आत बोलून ठेवा. मी बोलले होते. तो आधी हसला, मग म्हणाला, "पुस्तकांना बांगड्याचा वास लागला तर मला बोलू नका."

राहिले फोटो. ते मात्र थांबवू नका. गणपतीला त्या घरचे चाकरमानी येतील, आणि कोणीतरी ऐंशीच्या पुढची आत्या किंवा काकू असेलच. आरतीनंतर फोटो घेऊन ओटीवर बसा. फोटोच्या पाठीवर पेनानं काही लिहू नका, प्रत्येकाला कागदाचं पाकीट करा आणि ती सांगेल तसं पेन्सिलीनं पाकिटावर उतरवा: कोण, कुणाची कोण, कुठलं अंगण. ती दोन नावं चुकवील, तिसऱ्या फोटोला स्वतःच दुरुस्त करील. खोडरबर जवळ ठेवा.