वडील ७३ वर्षांचे आहेत, डॉक्टर कॅन्सरच्या फेज-१ ट्रायलचं विचारतायत. त्यांना झेपेल का?

माझे बाबा ७४व्या वर्षी अशा ट्रायलमध्ये सात महिने होते, म्हणून लिहिते.

फेज-१ म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा, त्यात मुख्यतः औषधाचा सुरक्षित डोस शोधतात. गाठ कमी होण्याची आशा असते, पण तसं थोड्याच पेशंटांचं होतं. आम्हाला हे सांगितलं होतं, आम्हीच मनावर घेतलं नाही.

नुसतं वय आडवं येत नाही. पेशंट किती हिंडता-फिरता आहे, किडनी-लिव्हर कसं आहे, हे बघतात. बाबांना दमवलं ते फेऱ्यांनी. पहिल्या डोसनंतर ठरावीक तासांनी रक्त घ्यायचे. सकाळी सातला निघालेले आम्ही रात्री घरी.

आणि बाबा त्रास लपवायचे. डॉक्टरांनी विचारलं की "बरंय, काही नाही." घरी मात्र बोटं इतकी बधिर की सदऱ्याची बटणं आई लावून द्यायची. सांगितलं तर ट्रायलमधून काढतील, ही भीती. शेवटी मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहायला लागले: पोळ्या किती, रात्री किती वेळा उठले, बटणं लागली का. ते पान डॉक्टरांसमोर ठेवलं तेव्हा बाबा माझ्यावर चिडले. पण डॉक्टरांनी डोस कमी केला आणि ट्रायल चालूच राहिली. दोनेक महिन्यांनी वरची दोन बटणं त्यांची त्यांना लागायला लागली.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटांचा अभ्यास झाला होता, त्याचे आकडे २०१७ मध्ये आले. आपला त्रास कॉम्प्युटरवर स्वतः नियमित कळवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने निघालं, इतरांचं २६. ते फेज-१ चे पेशंट नव्हते, तरी मला तो आकडा फार मोठा वाटतो.

आपल्याकडे २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते. बाहेर तर कधीही पडता येतं. सही करण्याआधी हे वडिलांना तुम्ही स्वतः वाचून दाखवा. आणि रोजच्यातलं काय सुटलेलं त्यांना चालणार नाही, तेही विचारून ठेवा. बाबांनी सांगितलं होतं, संध्याकाळचा कट्टा. सातव्या महिन्यात स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती, पण बाबा तीन आठवडे कट्ट्यावर गेले नव्हते. तेव्हा त्यांनीच थांबायचं ठरवलं.