पगाराचा दर एक, कामाची वाटणी दुसरी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये टपालाचे काम केलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीय महिला सैनिकांवरचा चित्रपट अलीकडे पाहिला. त्या काळी सरकारी नोकरीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना सारखा पगार होता का? आणि अन्याय झाला, तर दाद कुठे मागता येत होती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सरकारी वेतनश्रेणी पदाला बांधलेली होती, रंगाला नव्हे. त्यामुळे एकाच पदावर नेमणूक झाली तर पगार कागदोपत्री सारखाच असे. भेद होता तो ते पद कोणाला मिळते, मिळाल्यावर हातात कोणते काम पडते आणि बढती कोणाची होते, यात. म्हणून या विषयात नुसती पगारपत्रके पाहून भागत नाही.

सुरुवात अर्जापासूनच होई. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची सक्ती 1914 मध्ये आली आणि ती 1940 पर्यंत टिकली. ती गेल्यावरही परीक्षेत गुणानुक्रमे आलेल्या पहिल्या तिघांतून कोणाला निवडायचे, हे नेमणूक करणारा अधिकारीच ठरवत असल्याने मुलाखतीला आलेल्या उमेदवाराचा रंग पाहून पुढच्या नावाकडे वळणे त्याला सहज शक्य होते. रेल्वेतील कृष्णवर्णीय कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे 25 जून 1941 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 8802 क्रमांकाचा आदेश काढून संरक्षण उद्योगांत आणि सरकारी नोकरीत वंशभेद करण्यास मनाई केली. तक्रारींसाठी एक समितीही नेमली गेली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर ही समिती आहे. परंतु तिला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता आणि 1946 मध्ये ती गुंडाळलीच गेली.

तरीही या आदेशाने काही दारे खरोखर उघडली, हे मान्य केले पाहिजे. व्हर्जिनियातील लँग्ली येथील विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेने 1943 पासून कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांना गणनाचे काम दिले. डोरोथी वॉन त्याच वर्षी डिसेंबरात तेथे रुजू झाल्या. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवत, आणि येथला पगार शिक्षिकेच्या पगाराच्या दुपटीहून अधिक होता. मात्र त्यांचा ‘वेस्ट एरिया’ विभाग गोऱ्या गणनकार स्त्रियांपासून वेगळा होता, स्वच्छतागृह वेगळे होते आणि उपाहारगृहात मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक टेबल राखून त्यावर ‘कृष्णवर्णीय गणनकार’ अशा अर्थाची पाटी ठेवलेली असे. दिवसभर वायुबोगद्यातील चाचण्यांचे आकडे सोडवून विमानांच्या रचनेला हातभार लावायचा आणि जेवायला मात्र वेगळ्या पंगतीत बसायचे! मिरियम मान या त्यांच्यातल्याच एक. त्यांनी ती पाटी उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. दुसरी आली, तीही त्यांनी उचलली. असे पुनःपुन्हा घडले आणि शेवटी पाटी येणेच थांबले. कोणत्याही समितीकडे न जाता मिळवलेली ही दाद होती, आणि मला ती फार मोलाची वाटते.

सैन्यात दाद मागणे अधिक महाग पडे. मॅसॅच्युसेट्समधील फोर्ट डेव्हन्सच्या लष्करी रुग्णालयात नेमलेल्या कृष्णवर्णीय महिला सैनिकांपैकी अनेकींची समजूत होती, की आपल्याला वैद्यकीय साहाय्यकाचे प्रशिक्षण मिळेल. प्रत्यक्षात गोऱ्या सैनिक स्त्रिया रुग्णांची कामे करीत आणि यांच्या हाती बादली व फडके दिले जाई. एकीचे तर परिचारिकेचे काही शिक्षण झालेले होते. ती रुग्णांचा ताप पाहत असताना रुग्णालयाच्या प्रमुखांनी तिला पाहिले आणि कृष्णवर्णीय स्त्रिया येथे घाणीची कामे करण्यासाठी हव्या आहेत, असे बजावले, अशी साक्ष पुढे नोंदली गेली. मार्च 1945 मध्ये पन्नासहून अधिक जणींनी काम बंद केले. कामावर परतण्याचा लष्करी हुकूम आल्यावर बाकीच्या परतल्या, पण चौघींनी ठाम नकार दिला. युद्धकाळात हुकूम मोडणे म्हणजे काय, हे त्यांना पुरते माहीत होते. लष्करी न्यायालयाने त्यांना एक वर्ष सक्तमजुरी आणि सेवेतून अप्रतिष्ठित बडतर्फी सुनावली. देशभर निषेध उसळला आणि एप्रिलच्या आरंभी ती शिक्षा रद्द झाली. परंतु त्यासाठी दिलेले कारण न्यायालयाच्या रचनेतील तांत्रिक दोषाचे होते. फरशा पुसण्याचे काम रंग पाहून का वाटले जाते, या मूळ प्रश्नाला त्या निर्णयाने हात घातला नाही.

आपण चित्रपटात पाहिलेली 6888 वी टपाल बटालियन 855 जणींची होती आणि मेजर चॅरिटी ॲडम्स तिच्या प्रमुख होत्या. फेब्रुवारी 1945 मध्ये बर्मिंगहॅमला पोचल्यावर त्यांच्यासमोर पत्रे आणि पार्सलांनी छतापर्यंत भरलेल्या इमारती होत्या. हवाई हल्ल्यांच्या भीतीने खिडक्यांची तावदाने काळी केलेली, आत कडाक्याची थंडी, आणि घरून आलेले केक कुजल्यामुळे पार्सलांत उंदीर. अंगावर लोकरीचे कपडे आणि जाड कोट चढवून तीन पाळ्यांत अहोरात्र काम चाले. एका पाळीत सुमारे 65,000 टपाल मार्गी लागे. एकाच नावाचे हजारो सैनिक असल्याने सुमारे 70 लाख माहितीकार्डांवरून सेवाक्रमांक जुळवून पत्ता ठरवावा लागे. सहा महिन्यांचे काम त्यांनी तीन महिन्यांत उरकले. याच काळात पाहणीला आलेल्या एका जनरलने, रात्रपाळीच्या स्त्रिया दिवसा झोपलेल्या असल्याने सर्वजणी हजर नाहीत, म्हणून चिडून, एखादा गोरा लेफ्टनंट पाठवून बटालियन कशी चालवायची ते दाखवतो, असे सुनावले. मेजर ॲडम्स यांनी उत्तर दिले, ‘‘माझ्या प्रेतावरूनच जावे लागेल, सर.’’ त्याने खटल्याची तयारी केली. त्यांनीही उलट आरोपांची केली, आणि प्रकरण तेथेच मिटले.

सरकारी नोकरीत आणि सैन्यात भेदभावाला मनाई करणारे अध्यक्ष ट्रूमन यांचे दोन आदेश 26 जुलै 1948 रोजी, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे होत आल्यावर निघाले. लँग्लीचा वेगळा ‘वेस्ट’ विभाग मात्र त्यानंतरही चालू राहिला आणि 1958 मध्ये, प्रयोगशाळा नासामध्ये विलीन होताना, बंद झाला.