कर्ज काढून भारी क्लच बसवावा का?

गोव्यातील कुळे येथील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दूधसागर धबधब्याच्या वाटेवर पर्यटकांना नेणारी त्यांची जुनी फोर बाय फोर जीप चढणीला जोर धरत नाही, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, आणि मेकॅनिकने क्लच संपल्याचे सांगितले आहे. कंपनीच्या मूळ प्रतीचा पूर्ण सेट ₹11,000 ला मिळतो, तर सिरॅमिक प्लेट आणि तिला दाबून धरणारी जड प्रेशर प्लेट असलेला भारी सेट ₹33,000 ला. मजुरी दोन्हीकडे ₹7,000 आहे. विक्रेता भारी सेट दुप्पट टिकेल असे म्हणतो. मूळ क्लच दोन हंगाम चालला. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च होऊन बचत खात्यात ₹38,000 उरले आहेत, नोव्हेंबरमध्ये विम्याचे ₹14,000 भरायचे आहेत, आणि पतसंस्था दोन वर्षांसाठी 14 टक्क्यांनी ₹40,000 देण्यास तयार आहे. मोठे टायर बसवल्यापासून गाडी जड वाटते, असेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

सप्रेम नमस्कार.

आधी व्याजाचा हिशोब मांडतो. व्याज घटत्या शिलकेवर असेल तर मासिक हप्ता सुमारे ₹1,920 येईल आणि दोन वर्षांत सुमारे ₹6,100 व्याज जाईल. तेच 14 टक्के मूळ रकमेवर सरसकट आकारले जात असतील, तर व्याज ₹11,200 होते. पतसंस्थेत हा एक प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. सौम्य आकडा धरला तरी भारी क्लचचा एकूण खर्च ₹46,100 होतो, आणि विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तो चार हंगाम टिकला असे मानले, तर हंगामाला सुमारे ₹11,500 पडतात. मूळ सेटचे मजुरीसह ₹18,000 दोन हंगामांत विभागले की हंगामाला ₹9,000 होतात. म्हणजे बरोबरी साधायलाच भारी क्लच पाच हंगामांहून अधिक टिकला पाहिजे. खर्च वजा जाता फेरीमागे आपल्या हाती ₹1,300 उरतात असे आपण लिहिले आहे. त्या हिशोबाने दोन्ही सेटांच्या एकूण खर्चातला, व्याजासह ₹28,100 चा फरक जवळजवळ बावीस फेऱ्यांच्या कमाईएवढा आहे.

यावर आपण म्हणाल, की नाताळाच्या गर्दीत गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचे नुकसान कोण भरून देणार? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर क्लचच्या किमतीत नाही. दर दुसऱ्या पावसाळ्यात, दूधसागरच्या फेऱ्या बंद असताना, क्लच ठरवून बदलला तर कमाईचा एकही दिवस बुडत नाही. नुकसान होते ते हंगामाच्या मध्येच गिअरबॉक्स उतरवावा लागला तर. आणि तसे बहुधा प्लेटमुळे होत नाही, प्लेट बदलताना वाचवलेल्या लहान वस्तूंमुळे होते. माझ्या एका अशिलाने मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी प्लेट माझ्या टेबलावर उलगडली होती. एका बाजूचे अस्तर, म्हणजे घर्षणाने पकड घेणारा थर, रिव्हेटपर्यंत घासले होते, दुसरी बाजू तेलाने काळी आणि गुळगुळीत झाली होती. प्लेट जेमतेम सहा महिन्यांची होती. पहिल्या वेळी इंजिनाचे मागचे ऑइल सील बदलण्याचे काही शे रुपये वाचवले गेले, आणि त्यापायी मजुरी पुन्हा भरावी लागली. म्हणून गिअरबॉक्स खाली असतानाच ते सील आणि पायलट बेअरिंग बदलावे, रिलीज बेअरिंग सेटमध्ये नवेच आले आहे याची खात्री करावी, आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर पकड घेते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग किंवा चरे असतील तर ते लेथवर घासून घ्यावे. यासाठी ₹4,000 वेगळे ठेवा. हा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच असल्याने वरच्या तुलनेत मी तो धरलेला नाही.

आता टायरांविषयी. आपण 29 इंचांचे काढून 31 इंचांचे बसवले आहेत. घेर सुमारे सात टक्के वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाला, चाकांना मिळणारा जोर तेवढा कमी झाला, आणि भरलेली गाडी दगडांतून उचलताना हाफ क्लच (पेडल अर्धवट दाबून ठेवणे) अधिक वेळ धरावा लागू लागला. अस्तर जळते ते तिथे. इंजिनाची ताकद आपण वाढवलेली नाही, त्यामुळे ती पेलण्यासाठी मूळ क्लच पुरेसा आहे. सिरॅमिक प्लेट उष्णता अधिक सोसते हे खरे, पण ती एकदम पकडते. तो झटका गिअरबॉक्सला आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला बसतो, तर जड प्रेशर प्लेटमुळे पेडलही कडक होते आणि दिवसभर ते दाबायचे आपल्याच पायाने. उलट लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या वेगळ्या लिव्हरने लागणाऱ्या कमी वेगाच्या आणि जास्त जोराच्या गिअरांत, गाडी सुमारे अडीचपट खालच्या गिअरिंगवर चालते आणि क्लचवरचा भार त्याच प्रमाणात हलका होतो. त्याला एक पैसाही लागत नाही. खडबडीत पट्टा सुरू होण्याआधीच लो रेंज लावावी, आणि व्हाळाच्या पाण्यात असताना क्लच दाबू नये, कारण त्या क्षणी प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये पाणी शिरू शकते.

विम्याकडून आशा ठेवू नये. झीज आणि यांत्रिक बिघाड मोटार विम्यात येत नाहीत. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट 18 टक्के झाला आहे, तेव्हा कोणी जुन्या 28 टक्क्यांनी दर सांगत असेल तर बिल नीट पाहून घ्यावे.

माझा सल्ला असा, की मूळ प्रतीचा पूर्ण सेट घ्यावा आणि ₹22,000 बचतीतून रोख द्यावेत. उरलेल्या ₹16,000 मध्ये विम्याचा हप्ता बसतो, आणि तोवर ऑक्टोबरच्या फेऱ्यांचे पैसेही येऊ लागलेले असतील. नव्या हंगामात प्रत्येक फेरीमागे ₹150 वेगळ्या आवर्ती खात्यात टाकले, तर शंभर फेऱ्यांत ₹15,000 जमतील आणि पुढच्या वेळी क्लचसाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. पुढे कधी आपण इंजिनाची ताकद वाढवली, किंवा लो रेंज नियमाने वापरूनही क्लच एका हंगामातच संपला, तर भारी सेटचा विचार पुन्हा करता येईल. तेव्हाही सिरॅमिकआधी साध्या अस्तराचा जड सेट मिळतो का हे पाहावे, आणि भाड्याच्या गाडीला वॉरंटी लागू आहे का हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

पतसंस्थेतून रक्कम अजून उचललेली नसेल, तर याच आठवड्यात जाऊन अर्ज मागे घ्यावा आणि जामीनदारांनी सह्या केलेले कागद परत मागून घ्यावेत.