त्याची दृष्ट कुणी काढली नाही

‘ताई, आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही, अकरा दिवस काचेत होता. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर नीट ताबा नाही. बसतो, पण चालत नाही. खालच्या मजल्यावर दीर-जाऊ राहतात. गेल्या महिन्यात त्यांचं बाळ चालायला लागलं. अकराव्या महिन्यात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मीही टाळ्या वाजवल्या आणि वर येऊन मोरीत नळ सोडून रडले. तेव्हा मनात आलं, हा त्या काचेतच गेला असता तर सुटलो असतो. ताई, कुठली आई असा विचार करते? नवरा यंत्रमागावर जॉबर आहे, दोन-दोन पाळ्या करतो, बोलत नाही. मोठी मुलगी नऊ वर्षांची, फार समंजस, काही मागत नाही. १८ तारखेला पुतण्याचा पहिला वाढदिवस आहे. जाऊ की नको?’
– एक आई, इचलकरंजी (चार पानी पत्रातला काही भाग)

अगं,

कुठली आई असा विचार करते? पुष्कळ जणी करतात. नळ सोडून करतात, म्हणून ऐकू येत नाही.

अशा पालकांच्या बैठकीत चहा येईपर्यंत डॉक्टर, थेरपी आणि शाळा यांचंच बोलणं चालतं. चहा झाला की एखादी साठीतली आई सहज बोलून जाते, “हा माझ्या एक दिवस आधी जावा, बास.” कुणी दचकत नाही. सगळ्यांना कळतं, ती लेकाचं मरण मागत नाहीये. आपल्यामागं याला भरवणार कोण, हे ती विचारतेय. तू मोरीतून बाहेर आलीस, त्याच्या पायांना आधार देणारे स्प्लिंट सोडलेस आणि वरणभात कुस्करून भरवलास, हेही तूच लिहिलंयस. तो विचार आणि तो घास एकाच बाईचे आहेत. त्यातली एक खरी आणि दुसरी खोटी, असं काही नाही.

एक मात्र स्पष्ट विचारते. हा विचार आला आणि गेला, की मुक्काम ठोकून बसलाय? झोप उडाली असेल, किंवा ‘याला घेऊन आपणच संपावं’ असं एकदा जरी वाटलं असेल, तर पुढचं वाचत बसू नकोस. १४४१६ लाव. टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

सहा वर्षं झाली तरी मी ‘स्वीकारलेलं’ नाही, असंही तू लिहिलंयस. या शब्दाचा मला मनापासून राग येतो. जणू दहावीची परीक्षा, आणि तू दरवर्षी नापास! सायमन ओल्शान्स्की नावाच्या एका अमेरिकन माणसानं १९६२ साली मतिमंद मुलांच्या आईबापांविषयी एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की हे दुःख आयुष्यभर सोबत असतं, ते साहजिक आहे, आजार नाही. आणि ‘आता स्वीकारा’ म्हणून आईबापांच्या मागं लागणाऱ्या तज्ज्ञांनी जरा दमानं घ्यावं. तुझ्या लेकाचं दुखणं वेगळं, पण ही गोष्ट तुलाही लागू आहे. हे दुःख सांधेदुखीसारखं असतं. एरवी गप्प, हवा बदलली की ठणकतं. पुतण्या चालला, ठणकलं. तुझ्या लेकाच्या वयाची मुलं पहिलीत जातील, तेव्हा ठणकेल. मुंजीच्या पत्रिका यायला लागतील, तेव्हाही. ते परत आलं म्हणजे मधली वर्षं फुकट गेली असं नव्हे.

आता पत्रातला तो कोपऱ्यातला मजकूर. आजारपणात दोन आठवडे व्यायाम बुडाला आणि त्याची टाच पुन्हा वर उचलली गेली, ‘माझ्यामुळं’. नाही गं. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला जी इजा होते ती वाढत नाही, पण पोर वाढतं. हाडं भराभर लांब होतात, आखडलेले स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत, म्हणून टाच उचलली जाते. रोज व्यायाम घेणाऱ्या घरांतही हे होतं. फिजिओथेरपिस्टला दाखव, स्प्लिंट लहान झाले असतील तर बदलून घे. सासूबाईंनी काढलेला ग्रहणाचा विषय तर मी वाचून सोडून दिला. ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून मेंदूचा प्राणवायू कमी होत नाही. हे त्यांना तू समजावू नकोस, पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसव. सुनेचं न ऐकणारी माणसं पांढऱ्या कोटाचं ऐकतात.

नवऱ्याबद्दल. खडखडाटात उभा राहून माणूस रडला तरी शेजारच्या मागावरच्याला कळत नाही, एवढं ध्यानात ठेव. ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलंस की तो आणखी एक पाळी घेईल. त्यापेक्षा काम दे. रविवारचा व्यायाम त्याचा. तू त्या वेळी घरात थांबू नकोस, नाहीतर ‘असं नाही, तसं धरा’ म्हणून तूच त्याला पळवून लावशील. डॉक्टरांकडच्या कोल्हापूरच्या खेपेलाही एकदा लेकाला घेऊन त्याला एकट्याला पाठव. एवढं मोठं पोर कडेवर घेऊन एसटीत चढताना लोक कसे बघतात, ते त्याला सांगून कळणार नाही.

आणि ‘फार समंजस, काही मागत नाही’. तुझ्या अख्ख्या पत्रात मला भीती वाटली ती या ओळीची. नऊ वर्षांच्या मुलीनं मागायला हवं, रुसायला हवं, भावाचा राग यायला हवा. आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेव. त्या तासात भावाचं नाव घ्यायचं नाही, ती काढेल तेवढंच. आणि ‘आमच्यानंतर तूच त्याला बघणार’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं, तर तिथल्या तिथं तोड. तो सहा वर्षांचा आहे. पाय चालत नाहीत म्हणजे बुद्धी चालत नाही असं धरून चालू नकोस, पुढं आपलं बरंचसं तोच ठरवेल. आत्ता हातात आहे ते कर: अपंगत्वाचं प्रमाणपत्र झालं असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या ‘निरामय’ विम्यात त्याचं नाव घाल. सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरतात.

मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेक मालिनीसाठी १९७२ साली शाळाच काढली, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल, किंवा सांगेल. मोठं काम आहे. पण ते ऐकून तू शाळा काढायची नाहीयेस. तुझी झोप पुरी झाली तरी मला पुष्कळ आहे.

राहिली १८ तारीख. जावेला आदल्या दिवशी एकटी गाठ आणि सांग: “तुझ्या बाळाचा आनंद आहे, पण मला बघवत नाही, मी औक्षणापुरती येईन.” ती दुखावेल कदाचित. नळाआड रडणाऱ्या जावेपेक्षा हे सांगणारी जाऊ तिला परवडेल. नकोच वाटलं तर जाऊ नकोस, ताप आला म्हण. मी खोटं बोलायला सांगतेय, हो.

तुझ्या पत्राची चार पानं आहेत. तिसऱ्या पानावर, कंसात, ‘हे उगाच लिहिलं’ असं म्हणून एक ओळ आहे: कुकरची पहिली शिट्टी झाली की तो श्वास रोखून दुसरीची वाट बघतो, आणि ती झाली की खदखदून हसतो. सहा वर्षांत त्याची दृष्ट कुणी काढली नाही, असंही तू लिहिलंयस. मी स्वतः दृष्ट मानत नाही. पण मीठ-मोहऱ्या तुझ्याही घरात आहेत ना?

– ताई