वडिलांसाठी नवी गाडी घेताना किल्लीची घ्यावी की पुश बटणाची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील 68 वर्षांचे आहेत, त्यांनी आयुष्यभर मारुती 800 चालवली, सकाळच्या वेळी त्यांची बोटे आखडतात, आणि शोरूमवाले पुश बटणाचे वरचे मॉडेलच घ्या म्हणून मागे लागले आहेत. फिरवायच्या किल्लीत असे काय कमी होते आणि बटणामुळे खरोखर काय हाती लागते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला गेली 22 वर्षे माझे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज हाताखालून जातात. माझे मत आधीच सांगतो. आपल्या वडिलांसाठी बटणाचीच गाडी घ्यावी. मात्र जुनी किल्ली एक काम गाजावाजा न करता करत असे, ते काम बटण करत नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला नीट समजल्याशिवाय ती गाडी दारात आणू नये.

ते काम म्हणजे खात्री देणे. किल्ली उपसून खिशात टाकली की इंजिन बंद झालेले असायचेच, त्यासाठी वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नसे. हात आणि डोळा दोघांनाही एकाच वेळी कळे की गाडी बंद आहे आणि तिची मालकी माझ्या खिशात आहे. बटणाच्या गाडीची किल्ली, म्हणजे स्मार्ट की, कुठे घालावी लागत नाही; ती दिवसभर खिशात किंवा पर्समध्येच असते, त्यामुळे ती जवळ असण्यावरून गाडी चालू आहे की बंद, हे मुळीच कळत नाही.

बटण ही तशी नवी गोष्ट नाही. 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट गेले. त्यानंतर कित्येक वर्षे किल्लीने फक्त वीजप्रवाह सुरू होई आणि सेल्फ मारण्यासाठी वेगळे बटण किंवा पायाजवळचा खटका असे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लर कंपनीने 1949 मध्ये आणली. त्या जुन्या बटणाच्या काळातही गाडी सुरू करण्याचा हक्क मात्र किल्लीकडेच होता. आता तो हक्क रेडिओलहरींवरून तपासला जातो, आणि खरा फरक इथे आहे.

साध्या कुलपात स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पत्त्या असतात आणि किल्लीच्या खाचा जुळल्या तरच कुलपाचा गाभा फिरतो. वीस वर्षे वापरलेल्या किल्लीच्या खाचा कधी कधी इतक्या झिजतात की गाडी चालू असतानाही ती अलगद बाहेर निघते; वर सांगितलेली खात्री अशा झिजलेल्या किल्लीत राहत नाही. अशा कितीतरी मारुती मी पाहिल्या आहेत. पुढे किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात छोटी चिप आली. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते, ती आपला संकेत कळवते आणि तो जुळला नाही तर इंजिन चालू राहत नाही. युरोपात ही व्यवस्था 1998 पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. या चिपला सेल लागत नाही. रिमोटचा सेल संपला म्हणून आता गाडीच सुरू होणार नाही, अशा समजुतीने घाबरून फोन करणारे ग्राहक मला आजही भेटतात. त्यांच्या गाडीची फक्त दारे रिमोटने उघडत नसतात.

स्मार्ट कीमध्ये आपण बटण दाबले की गाडी कमी वारंवारितेची, साधारण 125 किलोहर्ट्झची, हाक देते आणि किल्ली बहुधा 433 मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर पाठवते. ही विचारणा प्रामुख्याने सुरू करतानाच होते. इंजिन एकदा सुरू झाल्यावर किल्ली गाडीबाहेर गेली तर गाडी आवाज करून इशारा देते, पण थांबत नाही, आणि भर रस्त्यात इंजिन बंद पडू नये म्हणून तसे करणेच योग्य आहे. त्याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. मुलीला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी चालू ठेवूनच तिची बॅग उतरवली आणि तिच्या पर्समध्ये राहिलेली किल्ली तिच्याबरोबर पुण्याला निघाली. इशाऱ्याचा आवाज झाला, तो मला दार नीट न लागल्याचा वाटला. जुळे सोलापुरातल्या घरी येऊन इंजिन बंद केले, आणि दुसरी किल्ली सापडेपर्यंत गाडी फाटकाच्या मधोमध तशीच उभी राहिली. फिरवायची किल्ली झिजलेली नसेल, तर त्या गाडीत असे घडणे शक्य नव्हते.

याहून गंभीर बाब म्हणजे इंजिन चालूच राहणे. अमेरिकेत घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये अशी गाडी चालू राहून, धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरून, 2006 पासून दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने 2018 मध्ये दिले होते. मृतांमध्ये वयस्कर माणसे बरीच होती. आपल्याकडे गाडी बहुतेक उघड्यावर किंवा पार्किंगमध्ये असते, परंतु बंगल्याच्या तळमजल्यावर शटर लावून गाडी ठेवण्याची पद्धत आता सोलापुरातही दिसते. नव्या गाड्यांचे इंजिन फार हळू आवाजात चालते, आणि कानाने थोडे कमी ऐकू येत असेल तर ते कळतच नाही. काही काळाने इंजिन आपोआप बंद होण्याची सोय त्या मॉडेलमध्ये आहे का, हे अवश्य विचारा.

किल्लीची बाजू निर्दोष होती असेही नाही. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचे खटके इतके सैल होते की जड जुडग्याने किंवा धक्क्याने किल्ली मागे सरकून इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. 2014 मध्ये त्या गाड्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. आपल्याकडे गाडीच्या किल्लीला घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्या आणि वर सिद्धेश्वरांचा बिल्ला असे जुडगे लटकलेले असते. बटणाने हा धोका संपला, आणि आखडलेल्या बोटांना पीळ देण्याचा त्रासही संपला. आपल्या वडिलांच्या बाबतीत मला हेच कारण सर्वांत मोठे वाटते.

चोरीविषयी. दोन माणसे मिळून, एक घराच्या दाराशी आणि एक गाडीशी उभा राहून, घरातल्या किल्लीचा संकेत यंत्राने गाडीपर्यंत पोहोचवून ती उघडू आणि सुरू करू शकतात. झुरिकच्या संशोधकांनी 2011 मध्ये 8 कंपन्यांच्या 10 मॉडेलांवर हे करून दाखवले. म्हणून किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवू नका, आतल्या खोलीत घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा उपयोगी आहे का हे पाहायचे असेल तर बंद डबा हातात घेऊन गाडीजवळ उभे राहा; दार उघडले तर डबा बदला. दोन्ही मूळ किल्ल्या जपा, कारण गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी त्या मागते, आणि स्मार्ट कीची दुसरी प्रत रस्त्यावरचा चावीवाला घासून देऊ शकत नाही. तिला हजारो रुपये लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात किल्ली डॅशबोर्डवर विसरू नका, बंद काचांमागे तिथले तापमान सेलला सोसवत नाही.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी वडिलांना बरोबर न्या आणि स्मार्ट कीमधला सेल तिथेच काढायला सांगा. त्या किल्लीच्या पोटात लोखंडी पाते असते. त्याने दार उघडणे आणि किल्ली थेट बटणाला, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, टेकवून गाडी सुरू करणे, हे दोन्ही वडिलांनी स्वतःच्या हाताने करून पाहावे. धावती गाडी अडचणीच्या वेळी बंद करायची असेल तर बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, हेही त्यांना पुस्तिकेतून दाखवा. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात वेग आवरेना अशा बटणाच्या गाडीत चौघांचा जीव गेला, तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाला हे सांगतो. विक्रेत्याला यातले काही दाखवता आले नाही, तर दाखवणारा माणूस बोलावेपर्यंत कागदांवर सही करू नका.