देवाचा हात सुटल्यावर

बाळ,

तुझं पत्र काल मिळालं. होमरच्या ‘इलियड’चा, ट्रॉयच्या युद्धावरल्या त्या ग्रीक महाकाव्याचा, बाविसावा सर्ग वाचून तू पुस्तक मिटलंस आणि ‘सगळं देवच करणार असतील तर या वीरांचं कौतुक कशाला करायचं?’ असं विचारलंस. तुझा राग मला समजतो. ट्रॉयच्या राजपुत्राचा, हेक्टरचा तो शेवट कितीदाही वाचला तरी माझा गळा दाटून येतो. पण पुस्तक मिटलेलं ठेवू नकोस.

आधी पहिल्या सर्गाकडे परत जा. भर सभेत ग्रीकांच्या सेनापतीला, अगामेम्नॉनला, मारायला त्यांचाच सर्वांत मोठा वीर अकिलीस तलवार उपसतोय. अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. एवढी मोठी देवता, पण बोलते कशी बघ: तुझा राग आवरायला आले आहे, ऐकणार असशील तर. हे ‘असशील तर’ पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेव. तलवार पुन्हा म्यानात सारणारा हात अकिलीसचाच आहे.

देवांची अडवणूकही तितक्याच बारकाईनं वाच. अकिलीस पाठीशी लागलेला असताना हेक्टर ट्रॉयभोवती तीनदा धावतो. पुढच्या फेरीला देवांचा राजा झेउस सोन्याचा तराजू उचलतो, हेक्टरचं पारडं खाली जातं, म्हणजे त्याचं मरण ठरतं, आणि इतका वेळ त्याच्या पायांना बळ देणारा देव अपोलो त्याच क्षणी निघून जातो. मग अथीना त्याच्या भावाचं, डेइफोबसचं रूप घेऊन शेजारी उभी राहते. मिळून लढू, म्हणते. हेक्टरचा भाला अकिलीसच्या ढालीवर आदळून दूर उडतो. दुसऱ्या भाल्यासाठी तो भावाला हाक मारतो, तर जवळ कुणीच नाही.

ही फसवणूकच आहे, तिला गोड नाव देऊ नकोस. कवीनंही दिलेलं नाही. पण त्यापुढच्या थोड्या ओळींवर थांब. हेक्टरला सगळं कळून चुकलंय. मरायचंच आहे, तर पुढच्या पिढ्यांनी ऐकावं असं काही करून मरेन, असं म्हणून तो तलवार उपसतो आणि धावून जातो. हे त्याला कुठल्याही देवानं सुचवलेलं नाही. माझ्या मते अख्ख्या काव्यात याहून मोठी जागा नाही.

शिवाय देवही मोकळे नाहीत. सोळाव्या सर्गात झेउसला आपल्या मुलाला, सार्पेडॉनला, वाचवावंसं वाटतं. त्याची बायको हेरा बजावते, तू वाचवलंस तर बाकीचे देवही आपापली मुलं रणातून उचलून नेऊ पाहतील. झेउस जमिनीवर रक्ताचे थेंब बरसवतो आणि मुलाला मरू देतो.

‘ओडिसी’त, म्हणजे ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसियसच्या कथेत, अथीना मेंटॉर नावाच्या जुन्या स्नेह्याचं रूप घेऊन त्याच्या मुलाला, तेलेमाखसला वाट दाखवते, तेव्हा तुझ्या मनात ‘अवतार’ हा शब्द येईल. तो वापरू नकोस. आपले राम-कृष्ण जन्म घेतात, वाढतात, आयुष्य जगतात; अथीना रूप पांघरते आणि काम झालं की टाकते. ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात, घर बळकावून बसलेल्यांशी ओडिसियस लढतो तेव्हा, ती त्याच रूपात येते, ओडिसियसला खडसावते, पण विजय आयता हातात ठेवत नाही. बापलेकांचं बळ तिला अजून पारखायचं असतं. म्हणून ती पाकोळी होऊन वर तुळईवर जाऊन बसते.

मदत आली तरी ती ओळखून घ्यावी लागते, हेही बघ. पाचव्या सर्गात बुडायला आलेल्या ओडिसियसला समुद्रदेवता इनो आपलं वस्त्र देते, तराफा सोडून पोहत जा म्हणते. त्याला वाटतं, हाही एखाद्या देवाचा डाव असेल. लाटेनं तराफ्याच्या चिंधड्या उडेपर्यंत तो तराफा सोडत नाही. इतका सोसलेला माणूस दुसरं काय करणार?

आता सलग तेराव्या सर्गापर्यंत वाच. तिथे ओडिसियस अथीनेला तोंडावर विचारतो, ट्रॉय सोडल्यावर मी भटकत होतो तेव्हा तू कुठे होतीस? ती सांगते, माझ्या काकाशी, तुझ्यावर रागावलेल्या समुद्रदेव पोसायडनशी, मला भांडायचं नव्हतं. हे उत्तर तुला पटतं का, तेवढं मला कळव.